एअरफ्लो काल चालत होतं, आज सगळे डॅग गायब: लोकल मशीनवरच्या मॅन्युअल इन्स्टॉलेशनची नेहमीची दुखणी

स्वतःच्या लॅपटॉपवर हाताने अपाची एअरफ्लो (ठरल्या वेळी, ठरल्या क्रमाने कामं चालवणारं सॉफ्टवेअर) बसवणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास येते. त्यातला डॅग म्हणजे पायथन फाइलमध्ये लिहिलेली अशा कामांची साखळी. "काल रात्रीपर्यंत सगळं व्यवस्थित होतं. सकाळी मशीन चालू केलं, एअरफ्लो सुरू केलं, तर पासवर्डच घेत नाही. कसाबसा आत शिरलो तर माझे डॅग नाहीत, 'एक्झाम्पल' नावाची भलतीच यादी दिसतेय." मग तो माणूस सगळं उडवतो, पहिल्यापासून बसवतो, अर्धा दिवस घालवतो. संध्याकाळी चालू होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

हे पुन्हा पुन्हा होतं, कारण बहुतेक वेळा इन्स्टॉलेशन बिघडलेलंच नसतं. कालचा डेटाबेस, कालचे डॅग, कालची कॉन्फिग फाइल जागच्या जागी असते. सर्व्हर मात्र आज दुसऱ्याच फोल्डरकडे बघत असतो. त्यामुळे माझं सांगणं एवढंच: पुन्हा बसवायच्या आधी एअरफ्लोला तीन गोष्टी विचारा. तुझं होम कुठलं? तुझा डेटाबेस कुठला? तुला कुठला पायथन चालवतोय? खाली जी दुखणी दिली आहेत, त्यातली बहुतेक या तीन उत्तरांतच सापडतात.

पुढचं सगळं लिनक्स, मॅक किंवा विंडोजवरच्या डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) साठी आहे आणि व्हर्जन २.१० धरून लिहिलं आहे. ३ मध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

"एवढी झंझट कशाला, डॉकर वापर ना" असं कोणीतरी म्हणणारच, कारण डॉकरमध्ये सगळं तयार डब्यात बसवलेलं मिळतं. पण एअरफ्लोची अधिकृत डॉकर कंपोझ फाइल चालवायला डॉकरला किमान ४ जीबी मेमरी द्यावी लागते, आणि ८ दिली तर बरं असं त्यांचंच म्हणणं आहे. ज्याच्या लॅपटॉपमध्ये एकूणच ८ जीबी आहे आणि त्यातच ब्राउझर आणि एडिटर उघडे आहेत, त्याने हाताने बसवणंच योग्य. शिवाय शिकणाऱ्याला वेबसर्व्हर (ब्राउझरमधली स्क्रीन दाखवणारा), शेड्युलर (वेळेवर कामं सुरू करणारा) आणि डेटाबेस हे तीन वेगवेगळे जीव आहेत हे हाताने बसवल्यावर जितकं कळतं, तितकं डॉकरमधून कळत नाही.

आधी विचारा

टर्मिनल उघडा, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टपुरता वेगळा ठेवलेला पायथन) चालू करा आणि 'एअरफ्लो इन्फो' ही कमांड द्या. लांबलचक माहिती येते. त्यातल्या चार ओळी बघायच्या: 'एअरफ्लो होम', 'एसक्यूएल अल्केमी कॉन', 'डॅग्स फोल्डर' आणि 'पायथन लोकेशन'. मग 'व्हिच एअरफ्लो' देऊन ही कमांड नेमकी कुठल्या फोल्डरमधून चालतेय तेही बघा. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या 'बिन' फोल्डरऐवजी तिथे 'डॉट लोकल'मधला रस्ता दिसला, तर तुम्ही कधीकाळी एन्व्हायर्नमेंटच्या बाहेर बसवलेलं जुनं एअरफ्लो चालवताय.

या उत्तरांचा स्क्रीनशॉट सगळं नीट चालत असतानाच काढून ठेवा. बिघडल्यावर तुलना करायला दुसरं काही लागत नाही.

होम हरवतं ते असं

'एअरफ्लो_होम' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट नसेल तर एअरफ्लो तुमच्या होम डिरेक्टरीत 'एअरफ्लो' नावाचा फोल्डर धरून चालतं. फोल्डर नसेल तर बनवतं, त्यात नवी कॉन्फिग फाइल लिहितं, आणि काही बोलत नाही. त्यात तुम्ही 'एअरफ्लो स्टँडअलोन' दिलं असेल तर ते नवा एसक्यूएलाइट (एकाच फाइलमध्ये मावणारा) डेटाबेसही तयार करतं, नवा ॲडमिन युझर बनवतं आणि त्याला नवा पासवर्ड देतं. सगळं सुरळीत सुरू झाल्यासारखं दिसतं. कालचा पासवर्ड चालत नाही, कारण हा कालचा युझरच नाही. आणि उदाहरणाचे डॅग दिसतात, कारण नव्या कॉन्फिगमध्ये 'लोड एक्झाम्पल्स' मुळातच चालू असतं.

बसवताना लोक ट्युटोरियल बघून 'एक्सपोर्ट एअरफ्लो_होम' ही ओळ टर्मिनलमध्ये टाकतात. ती ओळ त्या एका खिडकीपुरतीच असते. खिडकी बंद, ओळ गेली. हे कळलं की "रोज सकाळी का" याचं उत्तर मिळतं.

गेल्या वर्षी आमच्या टीममधली एक नवी मुलगी लॅपटॉप घेऊन आली, "दादा, महिन्याभराचं काम गेलं का हो?" तिने तोवर काही पुसलं नव्हतं, हे फार बरं झालं. आम्ही 'सुडो फाइंड'ने (सुडो म्हणजे रूटच्या, म्हणजे ॲडमिनच्या, अधिकाराने कमांड चालवणं) पूर्ण मशीनवर 'एअरफ्लो डॉट डीबी' नावाच्या फाइल शोधल्या आणि तारखेनुसार लावल्या. तीन निघाल्या. एक होम डिरेक्टरीत, त्याच सकाळची. एक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये, आदल्या संध्याकाळची, आकाराने सर्वांत मोठी, खरी तीच. तिसरी रूटच्या फोल्डरमध्ये, कारण मध्ये कधीतरी परवानगीची एरर आली म्हणून तिने 'सुडो एअरफ्लो' चालवलं होतं. सुडो लावल्यावर युझर बदलतो, होम बदलतं आणि तिसरा संसार उभा राहतो. एअरफ्लोला सुडो कधीच लावू नका. एकदा जरी तुमच्याच होमवर लावलं, तर 'लॉग्ज' फोल्डरमधल्या काही फाइल रूटच्या मालकीच्या होतात आणि मग साधा युझर म्हणून चालवताना 'परमिशन डिनाइड' येत राहतं. तसं झालंच असेल तर 'चोन मायनस आर'ने पूर्ण फोल्डर स्वतःच्या नावावर करून घ्या.

खरा डेटाबेस सापडला की बाकीची होम लगेच पुसू नका, नुसती नावं बदला. आठवडाभर काही अडलं नाही तर पुसा.

कायमचा उपाय असा. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल ठेवा, तिच्यात 'एक्सपोर्ट एअरफ्लो_होम'ची ओळ पूर्ण रस्त्यासकट लिहा आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या 'ॲक्टिव्हेट' फाइलच्या शेवटी ती फाइल 'सोर्स' करा. मग एन्व्हायर्नमेंट चालू झालं की होम आपोआप बरोबर लागतं, आणि एन्व्हायर्नमेंट नसेल तर 'एअरफ्लो' ही कमांडच सापडत नाही. चुकीच्या जागी चालण्यापेक्षा न चालणं शंभर पटीने चांगलं. बरेच जण ही ओळ 'डॉट बॅशआरसी'मध्ये टाकतात. तेही चालतं, पण मॅकवर २०१९ पासून झेडशेल हे डीफॉल्ट आहे आणि ते ही फाइल वाचत नाही. प्रोग्राम आपोआप सुरू करणारे क्रॉन आणि सिस्टमडीही वाचत नाहीत. सिस्टमडीने सर्व्हर चालवत असाल तर युनिट फाइलमध्येच 'एन्व्हायर्नमेंट'ची ओळ लिहावी लागते.

होम दुसरीकडे हलवताना एक खोच आहे. कॉन्फिग फाइलमध्ये डॅगचा, लॉगचा आणि डेटाबेसचा रस्ता पूर्ण लिहिलेला असतो. फोल्डर उचलून नव्या जागी ठेवला तरी आतली फाइल जुन्याच जागेकडे बोट दाखवते. एडिटरमध्ये जुना रस्ता शोधून सगळीकडे बदला. एसक्यूएलाइटच्या पत्त्यात कोलननंतर चार तिरक्या रेघा हव्यात. तीन दिल्या तर तो रिलेटिव्ह रस्ता होतो आणि एअरफ्लो तो नाकारतं.

कॉन्फिग बदलूनही फरक पडत नसेल तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तपासा. फाइलपेक्षा व्हेरिएबलचा शब्द वरचढ असतो. त्याचं नाव लिहायची पद्धत अशी: 'एअरफ्लो', दोन अंडरस्कोर, सेक्शनचं नाव, दोन अंडरस्कोर, सेटिंगचं नाव. एकच अंडरस्कोर टाकला तर एअरफ्लो त्याकडे बघतही नाही आणि एररही देत नाही. कुठली किंमत खरोखर लागू आहे ते 'एअरफ्लो कॉन्फिग गेट-व्हॅल्यू' या कमांडपुढे सेक्शन आणि सेटिंग देऊन कळतं.

पायथन आणि कन्स्ट्रेंट फाइल

दुसरं नेहमीचं दुखणं म्हणजे एअरफ्लो सुरूच होत नाही, लांब ट्रेसबॅक येतो आणि शेवटी 'इम्पोर्ट एरर' नाहीतर 'ॲट्रिब्यूट एरर'. यातही "काल चालत होतं" असतंच. अशा वेळी काल आणि आजच्या मध्ये पिपने (पायथनची पॅकेज बसवणारी कमांड) काय इन्स्टॉल केलं ते आठवा.

एअरफ्लो शेकडो पॅकेजवर उभं आहे आणि त्यातल्या बऱ्याच पॅकेजची व्हर्जन मुद्दाम मोकळी ठेवलेली आहेत, कारण ते ॲप्लिकेशनही आहे आणि लायब्ररीही. म्हणून प्रत्येक व्हर्जनसोबत एक कन्स्ट्रेंट फाइल मिळते, जिच्यात तपासून पाहिलेली नेमकी व्हर्जन असतात. ती न देता नुसतं 'पिप इन्स्टॉल अपाची-एअरफ्लो' केलं तर आज बसेल आणि पुढच्या महिन्यात बसणार नाही. फाइलच्या पत्त्यात दोन आकडे असतात, एक एअरफ्लोचा आणि एक पायथनचा. दोन्ही तुमच्याकडच्याशी जुळले पाहिजेत. एअरफ्लो २.१० पायथन ३.८ ते ३.१२ वर चालतं. ३.१३ साठी त्याची कन्स्ट्रेंट फाइलच नाही, म्हणून ४०४ येतो. तेव्हा पत्त्यातला आकडा बदलून ३.१२ करायचा नाही, ३.१२ चा पायथन बसवायचा.

घोटाळा बहुतेक वेळा बसवताना होतो असंही नाही, तो नंतर होतो. डॅगमध्ये एखादी लायब्ररी लागते म्हणून त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये ती कन्स्ट्रेंटशिवाय बसवली जाते, आणि ती येताना एसक्यूएल अल्केमी या डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीचं २ व्हर्जन घेऊन येते. एअरफ्लो २.१० ला ते चालत नाही. पिप लाल अक्षरांत इशारा देतं, पण शेवटी 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' दिसलं की वरचं कोण वाचतं? नवीन काही बसवताना त्याच कमांडमध्ये 'अपाची-एअरफ्लो' तुमच्या व्हर्जनच्या आकड्यासकट पुन्हा लिहा. मग पिप एअरफ्लोला गुपचूप वर-खाली करू शकत नाही. जमत नसेल तर तिथेच थांबतं. जी लायब्ररी जमवूनच घेत नाही तिच्यासाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट करा आणि डॅगमधून 'एक्स्टर्नल पायथन ऑपरेटर'ने ती चालवा. 'पिप चेक' ही कमांडही हाताशी ठेवा, कुठे तुटलंय ते ती ओळीत सांगते.

उबुंटू आणि डेबियनच्या नव्या व्हर्जनवर एन्व्हायर्नमेंटबाहेर पिप चालवलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' अशी एरर येते. ती बाजूला सारणारा 'ब्रेक सिस्टम पॅकेजेस' पर्याय इंटरनेटवर सर्रास सुचवलेला दिसतो. कृपा करून तो वापरू नका. ऑपरेटिंग सिस्टमची स्वतःची कामं त्याच पायथनवर चालतात.

विंडोजवर थेट बसवून 'नो मॉड्यूल नेम्ड एफसीएनटीएल' किंवा 'पीडब्ल्यूडी' आलं असेल तर तिथेच थांबा. ही मॉड्यूल युनिक्सचीच आहेत, ती विंडोजवर येत नाहीत. डब्ल्यूएसएल २ वापरा, आणि फाइल सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या बाजूला ठेवा.

पोर्ट ८०८० आणि मागे राहिलेली पीआयडी फाइल

'द वेबसर्व्हर इज ऑलरेडी रनिंग अंडर पीआयडी' आणि पुढे एक आकडा. मशीन तर आत्ताच चालू केलंय, मग कोण चालतंय?

वेबसर्व्हर सुरू होताना होममध्ये 'एअरफ्लो-वेबसर्व्हर डॉट पीआयडी' या फाइलमध्ये आपला प्रोसेस नंबर लिहून ठेवतो. नीट बंद केला तर फाइल जाते. बॅटरी संपली किंवा खिडकी तशीच बंद केली तर राहते. पुढच्या वेळी एअरफ्लो तो नंबर वाचतं आणि त्या नंबराची कुठलीही प्रोसेस जिवंत आहे का एवढंच बघतं. नसेल तर फाइल स्वतःच काढून टाकतं. पण रीस्टार्टनंतर नंबर पुन्हा पहिल्यापासून वाटले जातात आणि तो नंबर दुसऱ्याच कुणाला मिळालेला असू शकतो. म्हणून ही एरर कधी येते, कधी येत नाही, आणि लोक गोंधळतात.

तो नंबर बघून लगेच 'किल मायनस नाइन' करू नका. आधी 'पीएस मायनस पी' आणि तो नंबर देऊन बघा. समोर गनिकॉर्न (वेबसर्व्हर ज्यावर चालतो तो प्रोग्राम) किंवा एअरफ्लो दिसलं तर ती खरोखर जुनी प्रोसेस आहे, ती थांबवा. दुसरंच काही दिसलं तर फक्त पीआयडी फाइल काढा. सोबत 'वेबसर्व्हर-मॉनिटर'ची असेल तर तीही.

'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' ही निराळी गोष्ट. 'एलसॉफ मायनस आय कोलन ८०८०' दिल्यावर पोर्ट कोणाकडे आहे ते कळतं. जेन्किन्स आणि टॉमकॅट यांचंही डीफॉल्ट ८०८० च आहे. वेगळा पोर्ट हवा तर 'एअरफ्लो वेबसर्व्हर'ला 'पोर्ट' हा पर्याय देता येतो. 'स्टँडअलोन'ला देता येत नाही, तिथे व्हेरिएबलच लागतो. हीच एरर ८७९३ वर आली तर जुना शेड्युलर मागे चालू आहे असं समजा, कारण लोकल सेटअपमध्ये लॉग वाचायला देण्यासाठी तो पोर्ट शेड्युलर धरून ठेवतो. दोन शेड्युलर एकाच एसक्यूएलाइटवर बसले की 'डेटाबेस इज लॉक्ड' ठरलेलं.

'द शेड्युलर डझ नॉट अपिअर टू बी रनिंग' ही पिवळी पट्टी लॅपटॉप झोपेतून उठल्यावरही येते. ३० सेकंद शेड्युलरची खूण मिळाली नाही की ती लागते. मिनिटभर थांबून गेली नाही, तरच शोधाशोध करा. व्हर्जन ३ वर असाल तर वेबसर्व्हरच्या जागी 'एपीआय-सर्व्हर' आहे आणि 'डॅग-प्रोसेसर' वेगळा सुरू करावा लागतो. जुनी ट्युटोरियल बघून तो राहूनच जातो, मग सगळं चालू दिसतं आणि एकही नवा डॅग येत नाही. 'डीबी इनिट'ही ३ मध्ये नाही, २.७ पासूनच 'डीबी मायग्रेट' वापरायचं आहे.

पोस्टग्रेसवर जाताना

व्हर्जन २ मध्ये एसक्यूएलाइटवर एका वेळी एकच टास्क चालतं, म्हणून थोडं पुढे गेलं की पोस्टग्रेस हा स्वतंत्र सर्व्हर म्हणून चालणारा डेटाबेस लागतोच. इथे दोन ठिकाणी माणसं अडकतात.

पहिलं, 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक'. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस १५ पासून 'पब्लिक' स्कीमात टेबल बनवायची सर्वांना असलेली मोकळीक काढून घेतली गेली. डेटाबेसवर 'ग्रँट ऑल' दिलं तरी भागत नाही. सोपा मार्ग म्हणजे 'अल्टर डेटाबेस'ने एअरफ्लोच्या युझरलाच त्या डेटाबेसचा ओनर करा आणि मग 'डीबी मायग्रेट' चालवा.

दुसरं, पासवर्डमधलं ॲट चिन्ह. आपल्याकडे 'काहीतरी ॲट १२३' हा पासवर्ड घरोघरी आहे. कनेक्शनच्या पत्त्यात युझर-पासवर्ड आणि होस्ट यांच्या मध्येही तेच चिन्ह असतं, त्यामुळे पासवर्ड अर्ध्यातच तुटतो आणि '१२३ॲटलोकलहोस्ट' या नावाचा होस्ट सापडत नाही अशी विचित्र एरर येते. पत्त्यात त्या चिन्हाऐवजी टक्क्याचं चिन्ह आणि ४० लिहायचं. पण एअरफ्लोच्या कॉन्फिग फाइलमध्ये टक्क्याला वेगळा अर्थ आहे, म्हणून तिथे टक्का दोनदा लिहायचा. व्हेरिएबलमध्ये देत असाल तर एकदाच. लोकल मशीनसाठी मी सरळ अक्षरं आणि आकडे एवढ्याचाच लांब पासवर्ड ठेवायला सांगतो.

डब्ल्यूएसएलमध्ये एअरफ्लो आणि विंडोजवर पोस्टग्रेस असं असेल तर 'लोकलहोस्ट ५४३२'वर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं, कारण सर्वसाधारण सेटिंगमध्ये डब्ल्यूएसएलचा लोकलहोस्ट वेगळा असतो. पोस्टग्रेसही डब्ल्यूएसएलमध्येच बसवलं की प्रश्न मिटतो.

डॅग आहे, एरर नाही, तरी दिसत नाही? 'एअरफ्लो डॅग्स लिस्ट-इम्पोर्ट-एरर्स' चालवा. तिथेही काही नसेल तर थोडा धीर धरा: नवी फाइल शोधायला फोल्डर दर ३०० सेकंदांनी चाळला जातो. आणि सकाळी ६ चा डॅग साडेअकराला चालत असेल तर काही बिघडलेलं नाही. वेळ यूटीसीची आहे, भारतापेक्षा साडेपाच तास मागची. डॅगच्या 'स्टार्ट डेट'ला 'एशिया/कोलकाता' टाइमझोन द्या.

आता पोस्टग्रेस आणि हरवलेलं होम एकत्र आले की काय होतं ते. डेटाबेसचा पत्ता व्हेरिएबलमध्ये आहे, म्हणून डॅग आणि युझर सगळे दिसतात. पण होम चुकलंय, म्हणून कॉन्फिग फाइल नवी आहे आणि तिच्यातली फर्नेट की सुद्धा नवी. कनेक्शनमध्ये साठवलेले पासवर्ड जुन्या कीने बंद केलेले असतात, ते नव्या कीने उघडत नाहीत आणि टास्क 'इनव्हॅलिड टोकन'वर पडतं. लोक घाईघाईने सगळी कनेक्शन पुसून पुन्हा भरतात. त्याआधी जुनी कॉन्फिग फाइल शोधा, तिच्यातली 'फर्नेट की'ची ओळ उचलून नव्या फाइलमध्ये टाका आणि सर्व्हर पुन्हा सुरू करा. ही ओळ कॉन्फिगच्या बाहेर, पासवर्ड ठेवता तिथे एकदा जपून ठेवा. ती गेली तर जुने पासवर्ड कोणीही परत काढून देऊ शकत नाही.

एवढं करूनही अडलात आणि कोणाला विचारायचं असेल तर 'एअरफ्लो इन्फो'ला दोन आडव्या रेघा देऊन 'ॲनॉनिमाइझ' जोडा. युझरचं नाव आणि पासवर्ड झाकून माहिती मिळते. ती आणि ट्रेसबॅकच्या शेवटच्या दहा-पंधरा ओळी, दोन्ही मजकूर म्हणून पाठवा. मोबाइलने काढलेल्या स्क्रीनच्या फोटोतून रस्ता वाचता येत नाही, आणि शोधायचा असतो तो नेमका रस्ताच.